रग आहे का?

परळच्या एका मोठ्या रुग्णालयाच्या बोळात, निदान पन्नास माणसं ऐकत असताना, मी राधा गमरे या बाईंना खणखणीत आवाजात विचारलं, “ताई, तुम्हाला रग आहे का?”

केसपेपरने वारा घेणाऱ्या एका आजींचा हात थांबला. राधाताईंनी मला चपलेपासून चष्म्यापर्यंत पाहिलं.

“कुठल्या गावचा रे तू?”

“करमाळा.”

“करमाळ्यात बायकांना असं विचारतात आणि धडपणे घरी जातात?”

चूक सर्वस्वी माझी होती. रुग्णालयातल्या एका अभ्यासासाठी वेदनेची प्रश्नावली इंग्रजीतून मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलं होतं. ठणका, आग, चमक इथपर्यंत मी नीट आलो आणि मग बराच वेळ ताणून धरलेल्या स्नायूला जे होतं त्यासाठी मी माझा शाळेतला शब्द काढला. आम्हाला गुरुजी हात वर करून वर्गाबाहेर उभं करायचे, तेव्हा दंडाला जी लागायची ती रग. माझी तिच्याशी जुनी ओळख. परळ-लालबागात मात्र रग दंडात नसते, डोक्यात असते, आणि ती जिरवायला दुसऱ्या गल्लीतली पोरं येतात. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या डॉक्टर नूपुर कर्णिक दादरच्या. त्यांनी ‘छान, बोलीतला शब्द घेतलास’ म्हणून खाली सही ठोकली होती.

मी हातवारे करून समजावू लागलो. “म्हणजे आत काहीतरी आवळून धरल्यासारखं, सोडताच येत नाही असं...”

“कळलं,” ताई म्हणाल्या. “लिही. आहे. दोन्ही अर्थांनी आहे.”

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी ‘करमाळा’ झालो. माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही.

राधाताई भोईवाड्याच्या कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्रं टाइप करतात. वय पंचावन्नच्या आसपास, बांधा किरकोळ, आवाज भरदार. त्या फुटपाथवर बाकीचे टायपिस्ट खुर्च्या टाकून बसतात. राधाताईंचं मशीन एकावर एक ठेवलेल्या दोन खोक्यांवर, छातीच्या उंचीला, आणि त्या उभ्या. पक्षकारांना वाटतं ही त्यांची स्टाइल. एका तरुण वकिलाने तर परदेशात हल्ली सगळे असंच उभ्याने काम करतात म्हणून त्यांचं कौतुक केलं होतं. ताईंनी कौतुक ठेवून घेतलं. खरं कारण सांगण्यासारखं नव्हतं. बसलं की ओटीपोटाच्या तळापासून मांडीपर्यंत असा काही पीळ पडायचा की हातातलं वाक्य तुटायचं. मराठीत कळ म्हणजे बटण आणि कळ म्हणजे वेदना. ताईंचा धंदा एका कळेवर चालायचा आणि दुसरीने बसायचा. म्हणजे बसू द्यायची नाही.

वर्षानुवर्षं त्या डॉक्टर करत फिरल्या. लघवी तपासून झाली, सोनोग्राफी झाली. एकाने गर्भाशयच काढून टाकू म्हटलं. दुसऱ्याने भजनाला जात चला म्हणून सांगितलं. “आम्ही बुद्ध विहारात जातो,” ताई त्याला म्हणाल्या होत्या, “तिथेही खालीच बसावं लागतं.”

नूपुर मॅडमनी पहिल्यांदा दुखण्याचा नेमका पत्ता सांगितला. कमरेच्या हाडांच्या कटोऱ्याला तळातून तोलून धरणारे स्नायू असतात. ते काम झालं की सैल व्हायचे, पण ताईंचे आवळले ते आवळलेलेच राहिले होते.

“म्हणजे आत मूठ आवळलीय,” ताई म्हणाल्या.

“हो, अगदी तसंच.”

“कुणावर?”

मॅडमनी व्यायामाचा कागद पुढे केला. याचं उत्तर मला नंतर मिळालं. त्या उत्तराचं नाव व्हायोला.

आमचा अभ्यास असा होता: या दुखण्यावर दोन औषधं. एकाच्या वाट्याला रोज रात्री घ्यायची गोळी, जी मज्जातंतूंची कुरकुर कमी करते. दुसऱ्याच्या वाट्याला त्या आवळलेल्या स्नायूतच द्यायचं इंजेक्शन, जे त्याला काही महिने ढिला पाडतं. व्यायाम दोघांना सारखाच. कोणाला काय, हे डॉक्टर ठरवत नाहीत आणि पेशंटही ठरवत नाही. संगणक ठरवतो. बाराव्या आठवड्याला ज्याला आराम नसेल त्याला दुसरं औषध देऊ करायचं. मी हे सगळ्यांना सांगायचो, त्यांना कळलं की नाही ते विचारायचो आणि दुखण्याचा आकडा लिहून घ्यायचो. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही.

काम म्हणून वाईट नव्हतं, पण शेजारच्या टेबलावर लॅन्स बसायचा. त्याच्याकडे गुडघ्यांचा अभ्यास. गुडघ्याला समाजात मान आहे. लॅन्सचे पेशंट बोळाच्या त्या टोकापासून ‘डावा आज जास्त आहे’ असं ओरडत यायचे आणि येताना वडे आणायचे. माझ्या बायका कानाशी येऊन कुजबुजायच्या आणि वड्याच्या पुढ्यातून मान खाली घालून जायच्या. मी त्या गुडघ्यांवर फार जळायचो.

तर व्हायोला. गिरगावातल्या एका वाडीत राहणारी, जुन्या मुंबईच्या ख्रिस्ती घरातली. दादरच्या टायपिंग क्लासात ती आणि राधाताई शेजारच्या मशीनवर शिकल्या. पुढे व्हायोलाआंटी फोर्टातल्या एका आगबोट कंपनीत लागल्या. फिरती खुर्ची, थंडगार हवा, दुपारी ट्रेमधून चहा. राधाताई भोईवाड्याच्या फुटपाथवर. तीस-पस्तीस वर्षं मैत्री टिकली आणि त्याहून घट्ट टिकली ती तुलना. कोणाचा जिना जास्त पायऱ्यांचा इथपासून कोणाची सून कमी बोलते इथपर्यंत. तिला काही मिळालं की हिच्या तोंडाला आंबट पाणी सुटायचं.

क्लासच्या सरांच्या शोकसभेत व्हायोला अवघडून बसलेली राधाताईंना दिसली.

“एका कुल्ल्यावर बसली होती, करमाळा. मी लगेच ओळखलं. म्हटलं, ही पण आपल्यातलीच निघाली. इतकं बरं वाटलं ना मला त्या दिवशी.”

“दुखतंय म्हणून बरं वाटलं?”

“मग काय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा आमचं दोघींचं सारखं झालं.”

त्यांनीच आंटींना हाताला धरून आमच्याकडे आणलं, आणि तिथेच घोटाळा झाला. संगणकाने राधाताईंना दिली गोळी आणि व्हायोलाआंटींना इंजेक्शन.

“कसलं इंजेक्शन?” ताईंनी विचारलं.

मी औषधाचं पूर्ण नाव सांगितलं. मग साधेपणाच्या मोहात पडून पुढे म्हणालो, “बोटॉक्स म्हणतात ना, ते.”

“नट्या तोंडाला घेतात ते?”

“तेच, पण इथे...”

“हिला नटीचं इंजेक्शन. मला रात्रीची गोळी.” त्या माझ्या संगणकाकडे वळल्या. “या मेल्याने आधी माझी निम्मी गिऱ्हाइकं नेली. आता सुईपण नेली.”

“ताई, तो चिठ्ठी काढल्यासारखं...”

“आणली कोणी हिला? मी. मग आधी नंबर कोणाचा?”

व्हायोलाआंटी हळूच म्हणाल्या, “राधा, तुला पाहिजे तर माझं घे गो.”

“काही नको. उपकार नकोत.”

नियमाप्रमाणे देताही आलं नसतं, पण मी ते बोललो नाही. बोळाने मला थोडं शिकवलं होतं.

पुढचे आठवडे ताईंसाठी वाईट गेले. गोळीने तोंडाला कोरड पडायची. रात्री झोप मात्र अशी लागायची की सकाळी मशीनसमोर उभं राहिल्यावरही ती अर्धी अंगावर असायची. त्यात गिरगावातून फोन यायचे. व्हायोला अख्खी प्रार्थना बाकावर बसून ऐकून आली. व्हायोला चर्नी रोडहून बसने बसून आली. ताई फोन ठेवायच्या आणि कागद फिरवायच्या. असाच एक फोन झाल्यावर त्यांनी एक अख्खा दावा टाइप केला आणि त्यात ‘वादी’ ऐवजी सगळीकडे ‘वाडी’ पडलं. ‘वाडी क्रमांक एक विरुद्ध प्रतिवाडी.’ कोर्टात हशा झाला. ताईंनी पुन्हा कोऱ्या कागदावर सगळं टाइप करून दिलं. ती वाडी गिरगावातली होती हे कोणाला कळलं नाही, म्हणून निभावलं.

सहाव्या आठवड्याला दोघी एकाच दिवशी आल्या. आंटी खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवून, पाय जुळवून, फोटो काढतात तशा. मी आकडा विचारला.

“दोन,” आंटी म्हणाल्या.

राधाताई भिंतीला टेकून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे वळलो.

“एक,” त्या म्हणाल्या.

“एक?”

“ऐकू येत नाही का? एक. गोळी फार चांगली आहे.”

“मग बसा ना, ताई.”

“उभं राहायची सवय आहे मला.”

मी ‘एक’ लिहिलं. मला पेशंट म्हणेल तेच लिहायचं असतं. भिंत काय म्हणते ते लिहायला रकाना नाही. नूपुर मॅडम खूश झाल्या. ताई माझ्याकडे न बघता, पाय जरा फाकून, जिना उतरून गेल्या.

त्यानंतर मला खरोखरच प्रतिज्ञापत्राची गरज पडली. माझ्या आडनावाचं स्पेलिंग दोन कागदांवर दोन तऱ्हेचं आहे. मी भोईवाड्याला गेलो. ताई खोक्यांसमोर उभ्या, एक पाय विटेवर. ओळ संपली की डोळे मिटायच्या, मग कॅरेज ढकलायच्या. हा ‘एक’ नव्हता. मी त्यांना तसं म्हटलं.

“तुझं काम टाइप करण्याचं आहे ना? मग ते सांग.”

“ताई, बाराव्या आठवड्याला पण ‘एक’ म्हणालात तर इंजेक्शन मिळणार नाही. आराम असलेल्याला बदलून देत नाहीत.”

“माहितीय. तीनदा वाचून दाखवलंस.”

“मग?”

“मग आठ सांगू? म्हणजे व्हायोलाचं औषध पहिलं आणि माझं नापास?”

“अहो, ही काय शर्यत आहे?”

“कागदावर तूच लिहिलंयस. तुलनात्मक अभ्यास. तुलना कशाला म्हणतात ते मला नको शिकवू. मी पस्तीस वर्षं करतेय.”

मग काय अडलंय ते त्यांनीच सांगितलं. कोर्टासमोरच्या इमारतीत मयूर सुर्वे म्हणून एक वकील आहे. त्याला ऑफिसात मराठी टायपिंगला अनुभवी माणूस हवं होतं. संगणकावर, पण कळा त्याच जुन्या मशीनच्या क्रमाने. डोक्यावर छप्पर, पंखा, पगार आणि खुर्ची. त्याने ताईंना विचारलं होतं. ताईंनी ‘दिवाळीनंतर सांगते’ म्हटलं होतं.

“उभ्याने करते म्हणून सांगा त्याला.”

“टेबल भिंतीत ठोकलेलं आहे. जाऊन बघून आले. आणि करमाळा, मला बसायचंय रे. व्हायोला आयुष्यभर खुर्चीत बसली. मला एकदा तशी खुर्ची पाहिजे, चाकांची. माझे मार्क तिच्यापेक्षा जास्त होते.”

ही मार्कांची गोष्ट मला नवी होती. परीक्षेच्या दिवशी ताईंच्या मशीनची रिबन पार झिजली होती, अक्षरं दिसेनात. व्हायोलाकडे नवी जादा रिबन होती, पत्र्याच्या गोल डबीत. तिने ती काढून दिली. “परीक्षा झाली की दे,” एवढंच म्हणाली. ताईंना मार्क जास्त पडले. खुर्ची मात्र काकांच्या ओळखीने व्हायोलाला मिळाली. त्या रागात ताईंनी रिबन परत केली नाही.

“अजून?”

“तुझं आडनाव सांग, दोन्ही तऱ्हेचं,” म्हणून त्यांनी कागद चढवला.

बारावा आठवडा आला. मी मुद्दाम आधी राधाताईंना बोलावलं होतं, म्हणजे त्यांना आंटींचा आकडा ऐकू येऊ नये. पण त्या मुद्दाम उशिरा आल्या, म्हणजे तो ऐकू यावा. दोघी पुन्हा माझ्यासमोर. एक खुर्चीत, एक भिंतीला.

“आंटी, आकडा?”

“दोन,” व्हायोलाआंटी म्हणाल्या.

मी पेन टेकवतोय तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. “खोटं बोलतेय.”

“राधा...”

“एका कुल्ल्यावर बसलीयस तू. पर्स खाली सरकवून टेकू दिलायस. मला दिसत नाही काय?”

आंटींनी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि त्यांचा चेहरा आक्रसला. मग त्या राधाताईंकडे न बघता माझ्याशी बोलल्या. “दोन होतं, महिना-दीड महिना. मग परत सुरू झालं. आता सहा म्हण.”

“मग दोन का म्हणालात?”

“तिच्यासमोर कसं सांगू? तिला वाटतं, तिची सुई मी घेतली. वर मी ती फुकटपण घालवली, असं सांगू?” आणि मग वळून, “आणि तू गो? तू तर बसलीच नाहीस एकदाही. तुझं एक होतं ना?”

राधाताईंनी दुसऱ्या पायावर भार घेतला. बोळात लॅन्सचा कोणी गुडघा कुरकुरत गेला.

“तुला निदान झोप तरी लागते,” आंटी म्हणाल्या. “मी रात्रभर छत बघते. तू फोनवर जांभया देतेस ना, इतका राग येतो मला. म्हटलं, हिला बघ, कशी झोपेची गोळी मिळाली.”

“तू माझ्यावर जळतेस?” राधाताईंनी विचारलं. या बाईच्या तोंडावर इतका निखळ आनंद मी तोवर पाहिला नव्हता.

“मग काय.”

ताई भिंत सोडून पुढे आल्या. “करमाळा, लिही. सात. आणि ते मागचं एक खोड.”

“मागचं खोडता येत नाही, ताई. पेशंटने नंतर असं असं सांगितलं म्हणून शेजारी टीप लिहितो.”

“काय लिहिशील?”

मी विचार केला. “रग होती, असं लिहू?”

त्या हसल्या. नूपुर मॅडम हसल्या नाहीत. आकडे खोटे सांगितले तर पुढच्या बायकांना चुकीचं औषध जातं, हे त्यांनी दोघींना आत बोलावून शांतपणे सांगितलं. दोघी वर्गात पकडल्यासारख्या ऐकत होत्या. एक उभी, एक अर्धी बसलेली. मग नियमाप्रमाणे अदलाबदल झाली. राधाताईंना इंजेक्शन, व्हायोलाआंटींना रात्रीची गोळी, आणि व्यायाम दोघींना रोज, टंगळमंगळ न करता.

कोणतं औषध सरस, असं मला लोक विचारतात. अजून आकडेमोड चालू आहे. या दोघींपुरतं विचाराल तर इंजेक्शनने राधाताईंचं सातचं तीन-चार झालं आणि गोळीने व्हायोलाआंटी झोपायला लागल्या. आंटींचं दुखणं तेवढंच आहे, पण झोपलेल्या माणसाला ते कमी वाटतं म्हणतात. इंजेक्शन ओसरेल तेव्हा काय, हे ताई मला विचारतात आणि मी मॅडमना विचारतो.

नाताळच्या आदल्या आठवड्यात मी मयूर वकिलांच्या ऑफिसात गेलो. प्रतिज्ञापत्रात माझ्या आडनावाचं तिसरंच स्पेलिंग पडलं होतं. राधाताई खुर्चीत होत्या. चाकांच्या. खाली मध्ये खाच असलेली उशी. थोडं टाइप करायच्या, उठून खिडकीपर्यंत जायच्या, परत यायच्या, आणि बसताना दर वेळी खुर्ची एकदा गरकन फिरवून घ्यायच्या. व्हायोलाआंटी न्युऱ्यांचा, म्हणजे नाताळच्या करंज्यांचा, डबा घेऊन आल्या होत्या. मला पहिल्यांदा पेशंटकडून खायला मिळालं. लॅन्सला हे मी मुद्दाम सांगणार होतो.

“गोड कमी आहे,” राधाताई तिसरी न्युरी खात म्हणाल्या.

“माझी खुर्ची हिच्यापेक्षा मोठी होती,” आंटी खोलीभर नजर फिरवत म्हणाल्या.

“होती.”

“बरं, माझी रिबन दे आता.”

“कसली रिबन?”

“राधा.”

“रिबन कुठे मिळते हल्ली?”

माझ्या कागदासाठी ताईंनी खण उघडला. आत, स्टेपलरच्या मागे, पत्र्याची गोल डबी होती. नवीकोरी, सील न तोडलेली, परत करायलाच कधीतरी विकत घेतलेली असणार. आंटी तेव्हा पाठमोऱ्या होत्या, डब्याचं झाकण लावत. ताईंनी माझ्याकडे पाहिलं, कागद काढला आणि गुडघ्याने खण लोटून दिला.

“सापडली की देते गं,” त्या म्हणाल्या. “करमाळा, आडनाव सांग.”